तळ्यातल्या ग्रंथघरापाशी

"...आणि चप्पल एकच सापडली?"

लुआंग फॉ थोंग यांनी विचारलं, पण हातातला झाडू थांबवला नाही. विहाराच्या अंगणातली पानं ते लोटत होते. खर्र... खर्र...

"एकच," रामटेके म्हणाले. धाप लागून त्यांना धड बोलता येत नव्हतं. "कालव्याच्या काठावर, चिखलात. कालवा तुडुंब आहे, लुआंग फॉ. आणि तिला पोहता येत नाही."

"कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं नव्हतं. रामटेक्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

प्रबोध रामटेके मूळचे नागपूरचे. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं. सुनिसाशी त्यांची गाठ बुद्धगयेला पडली, लग्न झालं, आणि निवृत्तीनंतर दोघं थायलंडमधल्या तिच्या खेड्यात राहायला आले. या गावात थोरल्या भिक्खूंना लुआंग फॉ म्हणतात. आपल्याकडे 'बाबा' म्हणावं तसं. सकाळपासून हरवलेली मालाय ही सुनिसाच्या धाकट्या बहिणीची मुलगी. वय बारा. आई बँकॉकला कारखान्यात, पोर आजीजवळ. शहरातल्या मोठ्या शाळेची तोंडी परीक्षा आठ दिवसांवर आली होती, तीही इंग्रजीतून.

"पोरीला मी तयार करतो," असं रामटेक्यांनीच चारचौघांत सांगितलं होतं. छाती पुढे काढून.

"सकाळी काय झालं?"

"एक शब्द होता. थ्री. जीभ दातांत धरायची, बस्स. ही आपली 'ट्री' म्हणते. चाळीस वेळा म्हणवून घेतला."

"मग?"

"पट्टी आपटली... टेबलावर. तिच्या अंगाला बोट लावलं नाही मी."

झाडू थांबला.

"मग?"

"म्हणालो, एवढं जमत नसेल तर जन्मभर याच चिखलात राहशील."

त्या चिखलात मालायची आजी चाळीस वर्षं भात लावत आली होती, आणि त्या वेळी ती खिडकीबाहेरच उभी होती, हे रामटेक्यांना आत्ता आठवलं.

"ती हात धुवायला म्हणून उठली. तेव्हा नऊ वाजले होते. आता चार वाजले..."

सुनिसा तालुक्याच्या बाजाराला गेलेली. रामटेक्यांनी एकट्यानं बांध न् बांध तुडवला होता. शेवटी कालव्यात बांबू घालून पाहिला. बांबूला तळाशी काहीतरी मऊ लागलं. ओढून काढलं तर कुजकं गोणपाट निघालं. पण तो मऊपणा अजून त्यांच्या तळहातात होता. त्यांनी हात सदऱ्याला पुसला. पुन्हा पुसला.

"लुआंग फॉ, ती... ती नसली तर मी तिच्या आईला काय सांगू?"

"हाक मार."

"इथं?"

"इथं."

समोर तळं होतं. तळ्याच्या मधोमध लाकडी खांबांवर जुनं ग्रंथघर उभं होतं. ताडपत्रांना वाळवी लागू नये म्हणून पूर्वजांनी ते पाण्यात बांधलं होतं. काठापासून तिथवर एक अरुंद फळी टाकलेली.

"मालाय!"

वर्गातला आवाज. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तळ्यातले बगळे फडफडत उडाले.

"या हाकेला मीसुद्धा ओ दिली नसती," म्हातारे म्हणाले.

रामटेक्यांनी पुन्हा तोंड उघडलं. या खेपेला आवाज निघेना. हिरव्या, गढूळ पाण्याकडे त्यांची नजर गेली.

"मालाय..." ते कसेबसे थाईत म्हणाले. "मा क्लाय... क्लाय..." म्हणजे, जवळ ये गं.

ग्रंथघरात काहीतरी सरकलं.

"चुकलं," आतून बारीक आवाज आला.

रामटेके मटकन खाली बसले. डोळ्यांना धार लागली.

"लुंग, तुम्ही 'लांब ये' म्हणालात." लुंग म्हणजे काका. "सूर सपाट ठेवला की लांब. वरून खाली सोडला की जवळ. क्लाऽय. म्हणा."

"क्लाय."

"लांबच गेलात."

"क्लाय."

"अजून लांब."

त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. ती आतून सांगत राहिली, न चिडता, वासराला चारा दाखवत पुढं न्यावं तसं. दर खेपेला ती फळीवर एकेक पाऊल पुढं येत होती. अकराव्या की बाराव्या खेपेला शब्द नीट लागला, तेव्हा ती काठावर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. एका पायात चप्पल. तोंडाला भाताचं शीत चिकटलेलं.

रामटेक्यांनी ते शीत पाहिलं.

"जेवलीस?"

"आजी डबा देऊन गेली."

"आजीला... ठाऊक होतं?" त्यांनी वळून भिक्खूंकडे पाहिलं. "मला का नाही कळवलं कुणी? दिवसभर मी शोधतोय, पाण्यात बांबू..."

"पोरगी म्हणाली, लुंगला सांगू नका."

"का?"

मालाय हाताच्या अंतरावरच उभी होती. रामटेक्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, आणि ती डोळे घट्ट मिटून एवढीशी झाली.

त्यांचा हात तसाच खाली आला.

ते म्हणाले, "लुआंग फॉ, आता मी काय करू?"

"घरी जा. ती पुढं चालेल. तू मागून जा."

"पण रस्ता मला माहीत आहे."

म्हाताऱ्यांनी झाडू उचलला.

"म्हणूनच मागून जा."