भरल्या पोटाची खूण

मुलांनो, ओढ्याकाठी शिंदीचे एक उंच झाड होते आणि त्याच्यापासून शंभर पावलांवर मुंग्यांचे एक भलेमोठे वारूळ होते. शंभर पावले तुमची हं, मुंग्यांची नव्हेत. कधीतरी एका सुतारपक्ष्याने त्या शिंदीला शेंड्याजवळ चोचीने भोक पाडले आणि तिथून गोड रस पाझरू लागला. तेव्हापासून वारुळाचे दिवस पालटले. पूर्वी तिथे मूठभर मुंग्या गवताचे बी गोळा करून कशाबशा जगत. रस लागल्यावर त्या बी विसरल्या, अंगाने तुकतुकीत झाल्या आणि बघता बघता मूठभरांच्या हजारो झाल्या. चार म्हाताऱ्या मुंग्या मात्र अजूनही उतारावर जाऊन बी वेचत. बाकीच्या त्यांना 'बीवाल्या' म्हणून हसत.

आता मुंग्यांची एक रीत सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर चालते. पोटभर खाऊन निघालेली मुंगी चालताना दर दोन पावलांनी पोट मातीला टेकवते. तिथे वास उमटतो. मागून येणारी तो वास हुंगते आणि समजते की या वाटेला अन्न आहे. रिकामी मुंगी मात्र पोट वर उचलून चालते, म्हणजे कुणी फसू नये. रिकाम्या पोटाने माती शिवायची नाही, हा मुंग्यांचा फार जुना नियम. रसाचे दिवस आले तेव्हा नव्याने आलेली प्रत्येक मुंगी पोटभर रस पिऊन आपल्या जुन्या घराकडे नातलगांना आणायला जाई, आणि जाताना वाटभर पोट टेकवत जाई. अशा रीतीने वारुळापासून माळरानापर्यंत एक मोठी वाट तयार झाली, आणि ती वासाने नुसती घमघमत असे.

वारुळाच्या दाराशी, देवडीवर, एक मुंगी बसत असे. येणाऱ्या प्रत्येकीच्या मिशांना मिशा लावायच्या, कुठून आलीस ते विचारायचे आणि काम नेमून द्यायचे, हा तिचा उद्योग. ती स्वतःही माळावरचीच. तिकडे एका काळ्या दगडाखाली तिचे लहानसे जुने घर होते आणि तिथे तिची थोरली बहीण पन्नास-साठ मुंग्यांचा कबिला सांभाळून होती. देवडीवरची मुंगी स्वभावाने जरा घोर लावून घेणारी. ढग आला तरी तिला पूर दिसे. म्हणून तिची काळजी कुणी फारशी मनावर घेत नसे.

होळी सरली, ऊन चढले आणि शिंदीचा रस आटू लागला. धारेचा थेंब झाला, थेंबाची नुसती ओल राहिली. सकाळी गेलेल्या रसवाल्या मुंग्या दुपार टळली तरी परतेनात, आणि परतल्या की त्यांची पोटे चपटी दिसत. देवडीवरच्या मुंगीने एकीला विचारले तर ती म्हणाली, "आज वारा होता गं, उद्या येईल." दुसऱ्या दिवशी दुसरी म्हणाली, "आज ऊन होतं."

गंमत अशी, की रस कमी होत होता आणि येणाऱ्या मुंग्या वाढत होत्या. पूर्वी दिवसाला शंभर येत, आता पाचशे येऊ लागल्या. पाठीवर अंडी, अंगावर माळाची धूळ आणि तोंडावर केवढा तो आनंद. देवडीवरच्या मुंगीला त्यांच्याकडे पाहवत नसे. "तुम्ही का आलात?" असे ती विचारी. "वाट केवढी रुंद आहे, पाहिलीत ना?" असे उत्तर मिळे. "एवढी माणसं चाललीत, ती काय उगाच?" मुंग्याही आपापसांत स्वतःला माणसेच म्हणतात, बरे का.

त्या सगळ्यांना काम द्यायचे कुठले? पण कामाला तोटा नव्हता. आलेल्यांना राहायला खोल्या हव्यात, म्हणून खणणाऱ्या नेमल्या. खणलेली माती बाहेर काढायला वाहणाऱ्या नेमल्या. मातीने रस्ता अडू लागला, तेव्हा रस्ता झाडणाऱ्या नेमल्या. शिंदीवर बसून कंटाळलेल्या रसवाल्यासुद्धा खणायच्या कामावर लागल्या. वारुळाची मुकादमीण, एक जाडजूड मुंगी, रोज संध्याकाळी चौकात उभी राहून सांगे, "आज इतक्या आल्या, इतक्यांना काम लागलं. एकही बेकार नाही." मग सगळ्या मिशा हलवून आनंद करत. खाणे मात्र कोठीतल्या साठ्यातून चालले होते, आणि साठ्याकडे कुणी बघत नव्हते.

देवडीवरची मुंगी एकदा धीर करून मुकादमिणीकडे गेली. "मुकादमबाई, कोठीच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्यात. शिंदीला रस नाही. येणाऱ्यांना आपण खरं सांगायला हवं."

"तुझं आपलं काहीतरीच," मुकादमीण म्हणाली. "रस नसता तर एवढ्या आल्या असत्या का? त्या काय खुळ्या आहेत?"

"त्या वाटेकडे बघून येतात, बाई. झाडाकडे बघून कुणी येत नाही."

"हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू बभ्रा केलास तर उद्या दारात कुणी फिरकणार नाही, आणि मग या खणणाऱ्यांनी करायचं काय? देवडी सांभाळायची असेल तर सांभाळ. ती जागा मागणाऱ्या पुष्कळ आहेत."

ती देवडीवर परत आली. पण एक कोडे तिला सुटत नव्हते. पोटे रिकामी आहेत, मग वाटेला वास येतो कुठून? दुसऱ्या दिवशी तिने दारातून नीट लक्ष ठेवले. एक रसवाली शिंदीकडून परतत होती. पोट चपटे, पाय ओढत चाललेली. वारुळाजवळ येईपर्यंत तिने पोट नियमाप्रमाणे वर उचलले होते. चार जणी समोरून येताना दिसल्या मात्र, तिने ते खाली केले आणि जोर लावून मातीला टेकवले. रिकाम्या पोटालाही थोडा वास असतो. दाबून टेकवले की तो भरल्या पोटासारखा उमटतो.

"अगं, तू रिकामी आहेस ना?" देवडीवरच्या मुंगीने तिला बाजूला घेऊन विचारले.

"आहे. सगळ्याच आहेत," रसवाली खाली बघत म्हणाली. "पण सगळ्या टेकवतात. मी एकटीने पोट वर करून कसं चालू? म्हणतील, हिलाच काही जमत नाही. गावाकडे जाणाऱ्या तर दारापासून घरापर्यंत टेकवतात. तिकडे रिकामं कसं जायचं?"

देवडीवरची मुंगी तिला चांगले खडसावणार होती. तोंड उघडले आणि तसेच मिटले. कारण गेल्या पंधरवड्यात ती स्वतः काळ्या दगडापाशी बहिणीला भेटायला गेली होती. त्या दिवशी तिच्या पोटात रसाचा टिपूस नव्हता. दगड दिसू लागला, बहिणीच्या घरच्या मुंग्या "आली गं आली" म्हणत बाहेर आल्या, आणि तिने गुपचूप पोट खाली केले. बहीण वास घेऊन म्हणाली होती, "सुखात आहेस, बरं वाटलं." तिने होकार दिला होता. ती आठवण आली आणि तिला जमिनीत शिरावेसे वाटले.

त्याच दुपारी माळावरून आलेल्या एका मुंगीने तिला निरोप सांगितला. "काळ्या दगडाखालच्या थोरलीने सांगितलंय, की आम्ही सगळे निघतो. धाकटीने खूण केलीय, म्हणजे खात्रीचं आहे. उद्या सकाळी अंडी उचलणार आणि दार बुजवणार."

मुलांनो, मुंग्यांनी घराचे दार एकदा बुजवले की ती जागा दुसरे किडे बळकावतात. परत फिरायला घर उरत नाही. आणि वैशाखाच्या उन्हात उघड्या माळावर अंडी दोन घटकाही टिकत नाहीत. इकडे यावे तर खायला नाही आणि परत जावे तर घर नाही, अशी बहिणीची गत होणार होती. आणि ती करून ठेवली होती देवडीवरच्या मुंगीनेच. रात्रभर तिला एकच चिंता लागून राहिली. कुणाच्या हाती निरोप पाठवावा तर वाटेवरचा वास त्या निरोपाला खोटे पाडणार. एवढा दाट वास नाकाशी असताना एका मुंगीच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवील?

उजाडताच ती देवडीवरून उठली. तिने पोट उचलले, चांगले उंच उचलले, आणि भर रस्त्यातून माळाकडे चालू लागली. समोरून लोंढा येत होता. येणाऱ्या मुंग्या तिला बघून थबकत. कुणी हसे, कुणी तोंड फिरवी. "अगं ए, पोट खाली घे, लाज नाही वाटत?" असे एक रस्ता झाडणारी ओरडली. लाज तर तिला इतकी वाटत होती, की कडेच्या गवतात शिरून जावे असे दर पावलाला मनात येई. पण गवतात शिरून गेले तर तिला बघणार कोण? ती मधूनच चालत राहिली.

एका म्हाताऱ्या मुंगीने तिला अडवले. तिच्या मागे वीस-पंचवीस जणी अंडी घेऊन उभ्या होत्या. "बाई, तुम्ही त्या मोठ्या वारुळातल्या ना? मग पोट वर का?"

"रिकामं आहे म्हणून."

"आणि बाकीच्यांची?"

"त्यांचीही रिकामीच आहेत."

म्हातारीने वाटेची माती पुन्हा एकदा हुंगली, मग तिच्या पोटाकडे पाहिले. शेवटी मागे वळून ती म्हणाली, "उन्हं तापायच्या आत परत फिरा गं." पण तिच्याबरोबरच्याही निम्म्या जणी ऐकेनात. त्या वासामागे पुढे गेल्याच. देवडीवरच्या मुंगीला थांबून समजावायला वेळ नव्हता. ऊन वर येत होते.

ती काळ्या दगडाजवळ पोचली तेव्हा अंडी बाहेर काढून झाली होती. दगडाच्या सावलीत ती ओळीने मांडली होती आणि थोरली बहीण दाराच्या तोंडाशी शेवटचा खडा लोटत होती. धाकटीला धाप लागली होती, तोंडातून शब्द फुटेना. ती नुसती पोट वर करून उभी राहिली.

थोरलीने मान वळवून पाहिले. खडा अर्धा दारात, अर्धा बाहेर. तिने धाकटीच्या मिशांना मिशा लावल्या.

"कधीपासून?"

"मागं आले होते, तेव्हाही रिकामीच होते, ताई."

"आणि टेकवलंस?"

"टेकवलं."

थोरलीने खड्याला पलीकडून खांदा दिला आणि म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस? लाव हात. अंडी आत घ्यायचीत." दोघींनी मिळून खडा बाहेर ओढला. अंडी एकेक करून आत गेली. शेवटची तीन उन्हाने सुकली होती, ती बाहेरच राहिली. थोरलीने त्यांच्यावर माती लोटली आणि त्याविषयी एक अक्षर काढले नाही. ती रागे भरली असती तर बरे झाले असते, असे धाकटीला वाटले.

"इथंच राहा आता," संध्याकाळी थोरली म्हणाली. "बी आहे थोडं. पुरेल."

"नको. तिकडे दारात कुणी नाही. आणि अजून येताहेत सगळ्या."

ती आली तशीच परत गेली, पोट वर करून. वारुळाजवळ पोचते तो काय, शिंदीकडून येणारी ती कालची रसवाली तिला दिसली. तिचेही पोट उचललेले होते. तिच्यामागे आणखी दोघी होत्या, त्यांचीही उचललेली. देवडीवर मुकादमिणीने दुसरी मुंगी बसवली होती, म्हणून ही दाराबाहेर एका वाळक्या पानावर बसून राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकीला खरे सांगत राहिली. दोन दिवसांत पोट उचलणाऱ्या शंभर झाल्या, चार दिवसांत मोजता येईनात. नवा वास कुणी टाकला नाही, आणि जुना उन्हाने उडून गेला. पाचव्या दिवशी माळावरून एकही मुंगी आली नाही.

मुकादमीण चौकात उभी राहिली. सांगायला काही नव्हते. "आज कुणी आलं नाही," एवढेच ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी कोठीकडे पाहिले. आठ दिवसांपुरताही साठा नव्हता. खोल्या मात्र अशा खणल्या होत्या, की आणखी हजार जणी राहिल्या असत्या.

गर्दीतून एक बीवाली पुढे आली. "उतारावर गवताचं बी पडलंय. पाऊस येईपर्यंत वेचता येईल. पण हात पुष्कळ लागतील."

हात होतेच. खणणाऱ्या, माती वाहणाऱ्या आणि झाडणाऱ्या दुसऱ्या दिवशी उतारावर गेल्या. सगळ्यांचे भागले असे नाही. पुष्कळ जणी आपापल्या माळावर परतल्या, काहींचे जुने घर बुजलेले होते त्यांचे फार हाल झाले, आणि काहींचा पुढे पत्ताच लागला नाही. राहिल्या त्या बियांवर जगल्या. तुकतुकी गेली, जीव राहिला.

देवडीवरच्या मुंगीला तिची जागा पुन्हा मिळाली. मृगाच्या आधी एके दिवशी ती पोटभर बी खाऊन बहिणीकडे निघाली. सबंध वाटेवर दर दोन पावलांनी तिने पोट मातीला टेकवले. काळ्या दगडापाशी थोरली बाहेर आली आणि सवयीने वास घेतला. मग तिने मान वाकवून धाकटीचे पोट डोळ्यांनीही पाहिले. त्यानंतर जितक्या वेळा ती गेली, तितक्या वेळा थोरलीने आधी पोट पाहिले आणि मगच तिला आत घेतले.

तात्पर्य : वाटेवर गर्दी आहे म्हणून वाटेच्या टोकाला अन्न असतेच असे नाही, आणि आपली ओंजळ रिकामी असताना भरल्याची खूण करणारा आधी आपल्याच माणसांना उन्हात आणतो.