साकरबोडीला मासा लहान नसतो

साकरबोडी तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, चालत निघालात की मध्यावर पाळ एकदम जाड होते. दोन्ही टोकांना ती बैलगाडी जेमतेम जाईल एवढीच आहे, इथे मात्र तिला पोट सुटले आहे. तुम्ही आत्ता बसला आहात ते याच पोटावर. हा तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांचा हात असा चुकणारा नव्हता. हे पोट मागाहून आले, आणि ते एका दुपारीत आले, असे सांगतात. आमच्या भागात पाळीला पार म्हणतात आणि गळाला गरी, एवढे ध्यानात ठेवा, बाकीचे मी सांगतो.

गावात तेव्हा इस्तारी नावाचा ढिवर होता. बाकीचे ढिवर जाळे टाकत, मासे काढत आणि घरी जात. इस्तारीला जाळ्याचा कंटाळा. जाळ्यात मासा सापडतो, गरीला तो आपल्या मनाने येतो, असे तो म्हणे. बारा महिने तो बांबूची काठी घेऊन या काठावर असायचा. ओढे भरून मासे उलटे वर चढू लागले की हा सांडव्यापाशी गुडघाभर पाण्यात उभा. भादव्यात पाणी निवळले की शिंगाड्याच्या वेलांमधल्या मोकळ्या जागी झिंग्याचे आमिष सोडायचा आणि तासन् तास हलायचा नाही. थंडीत मासे तळाशी दडून बसतात. तेव्हा हा सकाळी नुसता उन्हात बसे, आणि दुपारी कडेचे पाणी कोमट झाले की रोहू वर येऊ लागत. उन्हाळ्यात तलाव आटून मधल्या डोहापुरता उरे. मरळ श्वास घ्यायला वर येते, तेव्हा बारीक 'टप्' असा आवाज होतो. तेवढ्यावरून तो काठी फिरवायचा. घरच्या माणसांची नावे तो विसरेल, पण कुठल्या महिन्यात कोणता मासा कुठे निजतो ते विसरणार नाही, असे त्याची बायको बिरजा म्हणायची. खरे सांगायचे तर मला त्या माणसाचा हेवा वाटतो.

खोड एकच होती. त्याचा मासा घरी जाता जाता वाढायचा. पाळीवर वीतभर असलेला मासा चावडीपाशी हातभर व्हायचा आणि निसटलेल्या माशाला तर दोन्ही हात पुरायचे नाहीत. लोक हसून घेत. पण एकदा तो तलावात मगर आली म्हणून ओरडत आला. सारे गाव काठ्या घेऊन धावले, तर पळसाचे ओंडके तरंगत होते. पुढे अशाच दोन-तीन धावपळी झाल्यावर इस्तारीच्या सांगण्यावरून कोणी जागचे उठेनासे झाले.

मग ते मघा नक्षत्र आले. भाताची रोवणी नुकतीच संपली होती, माणसांच्या कमरा अजून सरळ झाल्या नव्हत्या. आठ दिवस झड लागून तलाव काठोकाठ भरला होता. दुपारी पाऊस जरा थांबला तसा इस्तारी इथे येऊन बसला. वारा त्याच्या पाठीकडून, म्हणजे गावाकडून तलावाकडे वाहत होता. गरीच्या दोरीला तरंगायला बांधलेला मोरपिसाचा तुकडा वाऱ्याबरोबर दूर जायला हवा होता. तो हळूहळू पाळीकडे सरकत होता. इस्तारीने दोरी तीनदा काढून पुन्हा टाकली. तीनही वेळा पीस उलटे आले.

तो छातीभर पाण्यात उतरला आणि पाळीच्या उतारावर हात फिरवू लागला. एका जागी त्याचे बोट आत ओढले गेले. मग तो पाळीच्या गावाकडच्या बाजूला उतरला. तिथल्या गवतातून बारा महिने थोडे पाणी पाझरते, ते सगळ्यांना ठाऊक होते. पण नेहमी ते स्वच्छ असायचे, आज गढूळ होते. म्हणजे पाण्याबरोबर आतली माती चालली होती. आणि पाळीखाली साठ घरे होती.

चावडीत लटारी पाटील आणि दहा-बारा माणसे बसली होती. इस्तारी धापा टाकत आला आणि म्हणाला, "पारीले भोक पडलं. पानी जाऊन रायलं."

केवढे, असे कोणीतरी विचारले. इस्तारीने अंगठा दाखवला. चावडी हसली. मगरीनेच पाडले असेल, असे एकजण म्हणाला. पाटील वाईट माणूस नव्हता. पाझर नेहमीचाच आहे, उघडीप झाली की बघू, असे त्याने समजुतीच्या आवाजात सांगितले. इस्तारीने शपथा घातल्या, पाटलाचे पाय धरले. शेवटी तो तिथेच खाली बसून रडला, असे सांगतात. आयुष्यभर खोटे ऐकवलेल्या माणसांना एक खरी गोष्ट कशी पटवावी, ते काही त्याला उमगेना.

गलबला ऐकून बिरजा आली. तिने नवऱ्याकडे पाहिले, तो अजूनही अंगठा पुढे धरून बसला होता. चावडीत बाईने बोलायची रीत नव्हती, तरी ती बोलली.

"पाटीलबाबा, यायच्या संग माझी बावीस वरसं गेली. यायनं एक बी गोस्ट लहान करून सांगतली नाई. आज पयल्यांदा लहान सांगून रायले. मले भेव लागते."

एवढे बोलून ती कोणाची वाट न पाहता घरातली टोपली आणि फावडे घेऊन पाळीकडे निघाली. हसणे थांबले. पाटील उठला तो पायात काही न घालता उठला, आणि त्याच्यामागे सारे गाव.

पुढचे फार बोलण्यासारखे नाही, ते करण्याचे होते. अर्ध्या माणसांनी सांडवा खोल कापून पाण्याला वाट दिली. बाकीच्यांनी काळी माती आणि तणस, म्हणजे भाताचा पेंढा, मळून गोळे केले. भोकाचे तोंड एकट्या इस्तारीला ठाऊक होते, म्हणून तोच घोंगडीत माती बांधून बुड्या मारत राहिला. तोवर भोक रुंदावले होते, पहिली घोंगडी पाण्याने आत ओढून नेली. दुसरीही नेली. तेव्हा पाळीवर शेंदूर लावलेली जी माय आहे, तिला त्याने हात जोडले म्हणे: पार वाचू दे, पुन्हा मासा वाढवून सांगणार नाही. तिसरी घोंगडी अडकली. मग जो तो वरून माती लोटू लागला. सूर्य कलला तेव्हा खाली गवतात बसलेली बिरजा ओरडली की पाणी निवळले. तरीही लोक माती टाकतच होते. हे पोट त्या मातीचे आहे. नंतर सगळे चिखलात फतकल मारून बसले आणि उगीचच हसू लागले. पाटलाला तर हसून हसून उचक्या लागल्या. उन्हाळ्यात तलाव आटला आणि जागा उकरून पाहिली, तर आधी अंगठ्याएवढ्या असलेल्या त्या तोंडाच्या आत एक बैल बसेल एवढी पोकळी होती. बैल मी वाढवून सांगत नाही, आमच्याकडे तो असाच चालत आला आहे.

गाव वाचले, पण नवस होता. चौथ्या दिवशी इस्तारी रोहू घेऊन उतरला. केवढा, असे कोणीतरी सवयीने विचारले. इस्तारी म्हणाला, "वीतभर." इस्तारी लहान सांगतो आहे! माणसे फावडी घेऊन पाळीवर धावली. पाळीला काही झाले नव्हते. दोन दिवसांनी पुन्हा तसेच. चुलीवरचे तसेच टाकून बायका लेकरे उचलू लागल्या. म्हाताऱ्यांची झोप उडाली. इस्तारी जितके खरे बोले तितके गाव घाबरे. अखेर पाटलानेच त्याचे हात धरले आणि मोठा सांग म्हणून विनवले. इस्तारी म्हणाला, मायला शब्द दिला आहे.

तेव्हा बिरजा नारळ घेऊन मायपुढे गेली. सारे गाव मागे उभे होते. ती म्हणाली, "माय, यायनं नवस फेडला. आता यायले सोड. हे खरं बोलतेत तं गावाले झोप येत नाई." मायने उजवा कौल दिला, म्हणे.

त्या संध्याकाळी इस्तारी पाळीवरून उतरला तेव्हा दारादारात माणसे उभी होती. त्याच्या हातात बोटाएवढी मासोळी होती. बिरजाने विचारले, "केवढा होता जी?" इस्तारीने काठी खाली ठेवली आणि दोन्ही हात जातील तेवढे पसरले. बिरजाने डोळ्यांना पदर लावला. मग ती आत गेली, आणि त्या रात्री साठही घरे गाढ झोपली.

आजही इथून उतरणाऱ्याला दारादारातून विचारतात, केवढा? आणि मोठा ऐकला की आत जाऊन भात टाकतात. तुमच्या गरीला आज काय लागले ते मी पाहिले आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण पहिल्याच घरात ऐंशी वर्षांची म्हातारी आहे, ती विचारल्याशिवाय राहायची नाही. तेव्हा हात चांगले पसरा, तिला अजून जेवायचे आहे.