टोपलीखालचं मुंगूस

नदीला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात डोह आटला की दोन्ही काठांचे प्राणी झाडाला टांगलेल्या टोपलीत कवठं टाकायचा खेळ खेळत. जिंकेल त्या काठाने आधी पाणी प्यायचं, उरलं तर दुसऱ्याने.

अलीकडच्या काठाची भिस्त धोंडू वानरावर. कवठ हाती आलं की मुंगूस आणि अस्वल ते मुकाट त्याच्याकडे फेकत. यंदा पलीकडच्या तिन्ही कोल्ह्यांनी धोंडूलाच घेरलं. बरोबरी झाली, शेवटचं कवठ उरलं, आणि धोंडूचा दमलेला खांदा तर उचलेना. टोपलीखाली मुंगूस मोकळं होतं. धोंडूने कवठ त्याच्याकडे फेकलं. मुंगसाने ते तसंच परत केलं.

"अरे, टाक की!"

"मी? धोंडूदादा, चुकलं तर पिल्लं तहानलेली राहतील."

"माझी किती चुकली, बाबा! तुला मी कधी चुकूच दिलं नाही, हा माझा दोष."

कवठ पुन्हा आलं. मुंगसाने डोळे मिटून ते वर फेकलं. ते टोपलीच्या काठावर आपटून उडालं. तेवढ्यात, कुणी न सांगता, अस्वलाने ते झेलून टोपलीत टाकलं.

पिल्लं पाणी प्यायली. धोंडू सर्वांत शेवटी प्यायला आणि म्हणाला, "यापुढे तुम्ही टाका. कवठं वेचून मी आणीन."