उद्याची प्रधान आणि चुन्याचं गुपित

दूरच्या एका डोंगराळ राज्यात एक मुलगी होती. स्वस्थ बसणं तिला कधी जमलंच नाही. तिचा बाप चुना मळणारा; त्याला सगळे आबा म्हणत. राज्यात मोजून दोन तलाव होते आणि दोन्ही त्याच्याच चुन्यावर उभे होते.

गुरूच्या घरी शिकून मुलगी परत आली आणि दरबारात जो भेटेल त्याला एकच विचारू लागली. "पाऊस दिवसेंदिवस लहरी होतोय. आज दोन तलावांवर भागतंय. आपली पोरं मोठी होतील तेव्हा डोंगराडोंगराला तलाव लागेल. तो बांधणार कोण?"

शेवटी राजा वैतागला. म्हणाला, "आजचे प्रधान माझ्याकडे ढीगभर आहेत. तू उद्याची प्रधान हो. पुढे कोणकोणतं काम येणारी माणसं लागतील ते ठरव, त्यांना तयार कर. पण आता माझं डोकं खाऊ नकोस!"

मुलगी त्याच पावली कामाला लागली. डोंगर पालथे घातले, गावं पालथी घातली. भली मोठी कामशाळा उभी केली आणि दवंडी पिटली, की कुणीही यावं आणि कोणतंही काम शिकावं. लोहाराच्या पोराने गवंडीकाम शिकावं, विणकराच्या पोरीने सुतारकाम. शिकवायला राज्यातले नामांकित कारागीर आले. तिचे आबाही आले.

रोज सकाळी ती दारात हजर. "आलं का? जमलं का? किती राहिलं?"

"प्रधानबाई," सुतार म्हणायचा, "रोप उपटून मूळ किती वाढलं ते रोज बघायचं नसतं."

वर्ष सरलं. शिकलेल्या पोरांनी पहिला तलाव बांधला. पावसाळ्यात तो काठोकाठ भरला, राजाने तलावाची ओटी भरली, पेढे वाटले. आणि दिवाळीच्या आत तलाव गळून कोरडा पडला. त्यांनी केलेल्या गाडीचं चाक पहिल्याच उतारावर निखळलं. त्यांच्या कुऱ्हाडी लाकडाऐवजी स्वतःच तुटायच्या.

मुलगी तणतणत कारागिरांपुढे जाऊन उभी राहिली. "वर्षभर काय शिकवलंत तुम्ही?"

लोहार पुढे झाला. म्हणाला, "सगळं शिकवलं. फक्त शेवटचा हात शिकवला नाही."

त्या राज्याची रीतच होती तशी. प्रत्येक धंद्यातलं शेवटचं गुपित घरातच ठेवायचं. लोखंड लाल झाल्यावर नेमकं कधी पाण्यात बुडवायचं, चाकाला शेवटची पाचर कशी मारायची, ते बाप फक्त आपल्या लेकराच्या कानात सांगायचा.

"म्हणजे तुम्ही पोरांना फसवलंत!"

"आम्ही?" लोहार हसला. "बाई, तलाव गळला तो चुन्यापायी. चुन्याचा शेवटचा हात कुणाच्या घरात आहे? आबांनी तुमच्या कानात सांगितलाय ना? मग वर्षभर तुम्ही का गप्प बसलात?"

मुलगी गर्रकन वळली. ती तरातरा घरी निघाली.

आबा ओसरीवर बसून चुना मळायच्या घाणीला जुंपायच्या बैलाच्या गळ्यातली दोरी वळत होते.

"आबा, मी चुन्याचं गुपित सांगणार आहे. सगळ्यांना."

"सांग की. आणि मग आपल्या दारात कोण येतं ते बघ."

"पण पोरांचा तलाव गळला, आबा!"

"गळू दे. दुसऱ्यांचे गळतात म्हणूनच मला बोलावतात."

"तुम्ही एकटे किती तलाव बांधाल? आणि तुमच्यानंतर?"

"माझ्यानंतर तू."

"मी एकटी? एवढ्या डोंगरांना?"

आबांनी आपले तळवे तिच्यापुढे धरले. चुन्याने खाल्लेले, रेषा पुसलेले तळवे. "या हातांची सालं जाऊन मिळालंय ते. त्या गुपितामुळे राजासुद्धा मला बसायला पाट देतो. ते तू रस्त्यावर वाटणार?" मग दोरी बाजूला ठेवून म्हणाले, "प्रधान तू राजाची असशील. पण लेक माझी आहेस. कुणाची राहायचं ते तूच ठरव."

त्या दिवशी मुलगी जेवली नाही. अंगणातून परसात आणि परसातून अंगणात फेऱ्या घालत राहिली. तिला आबांचा राग यावा तर त्यांचे तळवे आठवत. गप्प बसावं तर कोरडा तलाव आठवे, आणि त्याच्या काठावर घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बाया.

दुसऱ्या दिवशी ती कामशाळेच्या मधोमध उभी राहिली. आबा तिथल्या घाणीपाशीच होते.

"ऐका," ती म्हणाली. "भिजवलेला चुना बोटांत चोळल्यावर लोण्यासारखा लागला पाहिजे. खरखर लागली तर अजून मुरला नाही, हात लावायचा नाही. मुरल्यावर मळताना त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घालायचा. आमच्या घरचं गुपित एवढंच आहे."

आबांनी बैल सोडला आणि कुणाकडेही न बघता ते घरी गेले.

त्यानंतर ते लेकीशी बोलेनात. काही सांगायचं झालंच तर ओसरीवरून बैलाला सांगायचे, "बैला, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं." आणि त्यांना बोलावणं येणंही खरंच थांबलं. आबा पांढरे कपडे घालून दारात वाट बघत बसत. मुलगी त्यांच्यासमोरून जाताना मान खाली घालत असे. आपलं चुकलं की काय, हे तिला कुणी सांगत नव्हतं.

काही दिवसांनी लोहार आला. "तुम्ही तुमचं घर उघडं केलंत. आता आम्ही दार लावून बसलो तर बरं दिसेना," म्हणाला आणि पाण्यात लोखंड कधी बुडवायचं ते पोरांना दाखवलं. मग सुतार आला. रंगारी मात्र आपलं गुपित घेऊन, बिऱ्हाड गाडीत घालून राज्य सोडूनच गेला. जाताना मुलीला शिव्या देऊन गेला.

पोरं पुन्हा तलाव बांधू लागली. या वेळी पाणी टिकलं.

पुढे एका श्रावणात आबांनी बांधलेल्या दोन तलावांपैकी मोठा तलाव तुडुंब भरलेला असताना त्याच्या भिंतीला भेग गेली. खाली चार गावं. राजा स्वतः धावत आला, आबांना बोलावणं धाडलं. आबा आले, भेगेतून उसळणारं पाणी बघितलं आणि मटकन खाली बसले.

"महाराज, माझा चुना ओल्यात धरत नाही. त्याला अख्खा उन्हाळा वाळायला लागतो."

"मग करायचं काय?"

"माझा धरेल," मागून कुणीतरी म्हणालं.

ती कुंभाराची सून होती. कामशाळेत चुना शिकलेली, तोंडाने फटकळ. "आमच्या घरी फुटक्या मडक्यांना काय तोटा! सासूबाई रोज कटकट करायच्या, हा ढीग हलव म्हणून. मी खापऱ्या कुटून चुन्यात घालून बघितल्या. पाण्यात पडला तरी दगड होतो मेला!"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?" मुलगी ओरडली.

"तुम्ही कुणाला बोलू देता का, प्रधानबाई?"

हसायला कुणाला वेळ नव्हता. गावच्या गाव कामाला लागलं. खापऱ्या कुटल्या, चुना मळला, भेगेत दगड ठासून वर तो थापला. उसळणारं पाणी संध्याकाळपर्यंत नुसतं पाझरू लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा भिंत कोरडी होती.

मुलगी भिंतीला हात लावून उभी राहिली. पुढच्या वीस वर्षांत काय काय लागेल ते तिने ठरवलं होतं, पण खापऱ्यांचा चुना त्यात कुठेच नव्हता. तो तिला सुचलाच नसता. आबांनाही सुचला नसता. चुन्याचं गुपित कुंभाराच्या घरात गेलं, म्हणूनच तो झाला.

तेवढ्यात रात्रभर काठावर बसलेले आबा उठले आणि चिखल तुडवत कुंभाराच्या सुनेकडे निघाले. लोक बाजूला सरले. आता म्हातारा तिला काय बोलतो, म्हणून सगळे बघू लागले.

आबांनी तिच्या घमेल्यातला चिमूटभर चुना उचलला, बोटांत चोळला, नाकाशी नेला.

"खापर किती बारीक कुटतेस?" त्यांनी विचारलं.

"पिठीसारखं. पण नीट भाजलेलंच घ्यायचं, आबा. कच्चं चालत नाही."

"भाजलेलं ओळखायचं कसं?"

"बसा, दाखवते."

आणि ज्याला राजा पाट द्यायचा, तो माणूस तिच्यासमोर चिखलात मांडी घालून बसला. बसता बसता त्याने मागे वळून बघितलं. "पोरी, उभी काय राहिलीस? मला कमी ऐकू येतं हल्ली. तू पण ऐक."

किती दिवसांनी तो तिच्याशी बोलला होता! मुलगी धावत जाऊन त्याच्याशेजारी बसली.

तात्पर्य: उद्या कोणतं काम लागेल हे आज कुणालाच पुरतं सांगता येत नाही, पण जिथे शिकलेलं घरात कोंडून न ठेवता सर्वांना दिलं जातं, तिथे ते काम करणारे हात वेळेवर पुढे येतात.