जो अधिक रडेल त्याचा सुरा

धामणगिरीचा राजा रिपुदमन आपल्या संग्रहातले शिकारी सुरे विकायला निघाला होता, आणि त्यांतला एकही सुरा विकला जाऊ नये अशी तजवीज त्याने स्वतःच केली होती!

सुरे तरी कसे! नामांकित कारागिरांनी हाताने घडवलेले. कुणाची मूठ सांबरशिंगाची, कुणाची शिसवीची. राजाने प्रत्येकाला नाव ठेवले होते : व्याघ्रकाळ, वराहदमन, अस्वलशासन. व्याघ्रकाळाने वाघ तर सोडाच, कधी काकडीही कापली नव्हती. कारण राजाला रक्त पाहवत नसे. सुरे मात्र दालन भरून, जिना चढून, शयनगृहात शिरले. एका पहाटे वराहदमन खुंटीवरून सुटला आणि राणीच्या उशीत उभा राहिला. राणी उठली, सुऱ्यासकट ती उशी तिने राजापुढे ठेवली आणि म्हणाली, "उद्या सूर्यास्तानंतर या वाड्यात एक तर हे सुरे राहतील, नाही तर मी!"

राजाने विक्री पुकारली. पण अट घातली. "ज्याची माया माझ्याहून अधिक, त्यालाच सुरा. माझ्यापेक्षा ज्याच्या डोळ्यांतून अधिक पाणी येईल, त्याची माया अधिक! प्रधानजी हनुवटीखाली वाट्या धरतील."

"पण महाराज, घेणारा कशाला रडेल?" प्रधानजींनी विचारले.

"तेच तर!" राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दरबारात रुप्याच्या दोन वाट्या आल्या. नगरशेटांनी डोळ्यांत पाणी यावे म्हणून दिवंगत सासूबाईंचे स्मरण केले. एकच थेंब आला. तोही आनंदाचा निघाला. राजा मात्र व्याघ्रकाळाकडे नुसती नजर टाकी, की वाटी काठोकाठ! दुपार कलली तरी सुरे जागच्या जागी.

या साऱ्यात जीव टांगणीला लागला होता तो सगुणेचा. तिचा बाप सटवाजी हा सुऱ्यांचा राखणदार. सुऱ्यांना एकटे वाटू नये म्हणून त्याने दरबाराला लागून असलेल्या सुऱ्यांच्या दालनाचा उंबरठा ओलांडायचा नाही, अशी राजाज्ञा होती. परवा सगुणेचे लग्न. सटवाजीने रजा मागितली, तेव्हा राजा म्हणाला होता, "सुरे विकले गेले तर खुशाल जा. नाही तर कन्यादान येथूनच मनोमन कर!"

"आबा, कन्यादान मनोमन होते का हो?" सगुणेने विचारले.

सटवाजी अस्वलशासनाला तेल लावत खाली मान घालून म्हणाला, "राजाज्ञा आहे, बाळ."

"मग राजाज्ञेनेच तुम्हाला बाहेर काढते!" सगुणा म्हणाली, आणि कुलदेवतेला हात जोडून थेट दरबारात गेली.

तेथे सरदार धारराव मिशी पिळीत विचारत होते, "महाराज, सुऱ्यांना धार आहे, की नुसताच चकचकाट?"

राजा ताडकन उठला. "माझ्या व्याघ्रकाळाच्या धारेवर संशय!"

"मग होऊन जाऊ द्या, महाराज," सगुणा पुढे झाली. "हाडावर नको, लाकडावर नको. एखादी मऊशी भाजी आणते. ज्याला जो सुरा हवा, त्याने त्याची धार पाहावी."

"आण! डोळे उघडतील सगळ्यांचे!"

सगुणा बाजारात गेली आणि पाटी घेऊन आली. पाटीत कांदे होते. लहान, लालभडक, तिखटजाळ. तिने गिऱ्हाइकांना एकेक कांदा आणि दालनातून आणून एकेक सुरा दिला. व्याघ्रकाळ सरदारांकडे आला.

"बारीक चिरा, सरदार. आणि नाकाशी धरून चिरा. धार बारीक कामातच कळते!"

व्याघ्रकाळाचा जन्मातला पहिला वार पाहायला राजा सिंहासनावरून खाली धावला. पहिली चकती पडली. दुसरी पडली. सरदारांनी हुंदका दिला. नगरशेटांनी टाहो फोडला. भालदार रडू लागला, चोपदार रडू लागला. राजाचेही डोळे वाहू लागले. प्रधानजींना तर स्वतःच्याच आसवांमुळे वाट्या दिसेनात, त्यांनी बोट बुडवून पाहिले आणि घोषणा केली, "महाराजांची वाटी भरली आहे! सरदारांची... उतू जाते आहे!"

"हे कांद्याचे अश्रू!" राजा ओरडला. "मोजणी रद्द!"

"महाराजांच्या वाटीत कसले आहेत?" सगुणेने नम्रपणे विचारले.

"माझे? माझे दुःखाचे आहेत!"

"कशाचे दुःख, महाराज?"

"कशाचे म्हणजे? माझा व्याघ्रकाळ गेला, त्याचे!"

सगुणेने हात जोडले. "मग तंटा मिटला, महाराज. कांद्याचे अश्रू धरायचे, तर सरदारांची वाटी जिंकली आणि सुरा विकला गेला. आपले अश्रू सुरा गेल्याच्या दुःखाचे म्हणायचे, तर सुरा गेला हे आपणच सांगितलेत. गेल्यावाचून दुःख कसले? आता विकला गेला म्हणून रडायचे, की कांद्याने रडलो म्हणून विकायचे, एवढेच महाराजांनी ठरवावे!"

दरबार रडता रडता थबकला. राजाने वाटीत पाहिले, मग व्याघ्रकाळाकडे पाहिले. पडद्याआडून राणीचे हसू फुटले. ते ऐकून राजालाही हसू आवरेना. तो इतका हसला, की प्रधानजींनी सवयीने पुन्हा वाटी पुढे धरली!

"विकले! सगळे विकले!" डोळे पुसत राजा म्हणाला. "पोरी, लग्नात नेसायला राणीसाहेबांचा शालू घेऊन जा. वऱ्हाडाचे जेवण माझ्याकडून. आणि सटवाजीला बोलवा, मी स्वतः त्याला निरोप देतो!"

भालदार धावत गेला आणि तसाच परत आला.

"महाराज, दालनात सटवाजीच्या जागी फक्त तेलाची वाटी आहे. तो 'विकले' ऐकताच गेला. आता वेशीपाशी पोहोचला असेल!"