दवंडीवाल्यानं गिळलेला र

एक होता राजा. त्याच्या गावाशी होती एक रुंद, गढूळ नदी, आणि त्या नदीत राहायची सूसबाई. सूस म्हणजे नदीतली डॉल्फिन, मासा नव्हे हं. ती आपल्यासारखी हवेत श्वास घेते, पिल्लाला दूध पाजते. डोळ्यांनी बिचारीला दिसत नाही. पाण्यात आवाज सोडते आणि कानांनीच वाट शोधते. श्वासाला वर आली की म्हणते, सूंऽऽ. म्हणून ती सूस. पांघरूण घे गं नीट, आणि ऐक.

तिथली नावाडीण होती गोजरा. धुक्यात ती नाव न्यायची सूसबाईच्या आवाजावर. सूस असते खोल पाण्यात. सूं येईल तिकडे नाव वळवली की खडक लागत नाही.

मग काय झालं, रंगाऱ्यांनी नदीत रंगाचं पाणी सोडलं. मासे मेले, सूसबाई अर्धपोटी राहू लागली. मग राजानं वरच्या अंगाला बांध घातला. पाणी आटलं, तिची भावंडं बांधापलीकडे अडकली. खाली उरल्या दोघीच, ती आणि तिची लेक. गोजराला सारखा घोर लागायचा. रोज कान देऊन बसायची. एक सूं मोठा, एक छोटा. दोन्ही आले की तिला घास गोड लागायचा.

आणि मग झालं तिसरं. घाटावर सुसरीनं राजाचं वासरू ओढलं. सुसर म्हणजे मगर, बरं का. राजा चिडला. म्हणाला, "दवंडी पिटा. सुसर मारा." पण दवंडीवाल्या धोंडाप्पाच्या तोंडात होता विडा. त्यानं शेवटचा र विड्याबरोबर गिळला. गावाला ऐकू आलं, "सूस मारा." झाला ध चा मा. राजाचा हुकूम म्हटल्यावर विचारणार कोण? लोकांनी डोहात जाळी टाकली. गोजराला रडू आलं, पण भीतीपोटी तिनंही आपलं जाळं दिलं. आणि खरी सुसर वाळूत ऊन खात पडलेली. तिला मात्र "सुसरबाई, तुझी पाठ मऊ" म्हणत सगळे लांबून गेले.

दुसऱ्या दिवशी दाट धुकं. राजाच्या लेकीचा घसा सुजला, श्वास घुसमटू लागला. वैद्य पलीकडच्या तीरावर. राजा लेकीला घेऊन नावेत बसला.

"चल गोजरा, लवकर."

गोजरानं वल्हं उचललंच नाही. "महाराज, आवाज नाही. खडकावर नाव फुटेल."

"कसला आवाज?"

"सूसबाईचा. तुम्हीच मारायला सांगितलंत ना तिला?"

"मी तर सुसर म्हणालो होतो," राजा म्हणाला, आणि त्याचं तोंड उतरलं.

मग सगळे गप्प बसून ऐकू लागले. राजकन्येचा श्वास घरघरत होता. नदीतून काहीच नाही. मग आला, अगदी बारीक सूं. छोटा. लेक होती ती, एकाच जागी घिरट्या घालत होती. गोजरानं हळूहळू नाव तिकडे नेली. सूसबाई नुकतीच जाळ्यात गुरफटलेली, नाक पाण्याखाली. आणि जाळं गोजराचंच. राजानं आपल्या लेकीला गोजराच्या मांडीवर दिलं, पाण्यात उतरला, कट्यारीनं जाळं कापलं. सूसबाई हलेना. त्यानं तिला दोन्ही हातांनी वर धरलं. धर रे माझा हात, मलाही इथं भीतीच वाटते.

मग आला. सूंऽऽ.

तो आवाज पुढे, नाव मागे. राजकन्या वैद्याकडे पोचली, बरी झाली. मग राजानं जाळी काढवली, रंगाचं पाणी थांबवलं, बांधात वाट ठेवली. वरच्या सूसी खाली आल्या. धोंडाप्पाला हुकूम झाला, आधी चूळ भर, मग तोंड उघड.

गोष्टीतली सूसबाई सुखात राहिली, तुम्हीही राहा. खऱ्या नद्यांत मात्र त्या फार थोड्या उरल्यात रे बाळांनो. त्यांना गाढ झोपताही येत नाही, झोपेतसुद्धा श्वासाला वर यावं लागतं. तुमचं तसं नाही. मिटा डोळे. मी बसलेय इथं ऐकत. एक सूं मोठा, एक छोटा. दोन्ही आले की मग मीही झोपेन.