आठ पायांचे पाहुणे

माणसाने किड्यांना नावं देण्याच्या कितीतरी आधी हे काम माळावरचा एक मुंगळा करत असे. नवा जीव दिसला की तो पाय मोजायचा आणि निकाल द्यायचा. तिथेच त्याचा अभ्यास संपायचा, पण त्याचा शब्द कोणी मोडत नसे.

एका शेणकिडीच्या पोटाखाली खसखशीएवढे तांबूस कोळी राहत. ती शेणाचा गोळा वळून बिळात न्यायची, त्यात अंडं घालायची, आणि कोळीही तिच्यासोबत उतरायचे.

"मुंगळेबुवा, हे कोण हो माझ्या अंगावर?" तिने एकदा विचारलं.

मुंगळ्याने मोजलं. "आठ पाय. गोचिडालाही आठच असतात. म्हणजे रक्त पिणारी जात! आजच्या आज काढून टाक."

"अहो, पाय काय मोजता?" एक कोळी कळवळून म्हणाला. "आमच्या तोंडात काय आहे ते तरी बघा!" त्याच्या तोंडात माशीच्या अंड्याचं रिकामं टरफल होतं.

"तोंडात बघायची आपल्याकडे पद्धत नाही," मुंगळा म्हणाला.

शेणकिडीने दगडावर पोट घासघासून सगळे कोळी चिरडले. आठवड्याने बिळात पाहिलं, तर गोळ्यात माश्यांच्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. शेण संपत आलं होतं. तिचं पिल्लू एका कडेला उपाशी मरून पडलं होतं. ती रडत मुंगळ्याकडे धावली.

मुंगळा आला. त्याने एकेक अळी उलटी करून नीट पाहिली.

"उगाच घाबरलीस, बये," तो म्हणाला. "यांना तर पायच नाहीत."